तक्त्यांचे माहेर : कुन्नूर ते हैदराबाद

सकाळची वॉर्डाची फेरी आटोपून आहारतज्ज्ञ डाएट शीट भरायला बसली की तिच्या हाताशी एक तक्ता असतोच. हल्ली तो मोबाइलवर असतो. पूर्वी पाने सुटलेले, हळदीचे बोट लागलेले पुस्तक असे. मधुमेहाच्या रुग्णाला किती भाकऱ्या, डायलिसिसवरच्या रुग्णाला किती डाळ, नाकातून नळीने द्यायच्या आरटी फीडमध्ये दूध किती आणि साखर किती, हा सगळा हिशेब त्या तक्त्यावर चालतो. शिकताना तो पाठ करावा लागतो, नोकरीत तो अंगवळणी पडतो, आणि मग हे आकडे कोणी, कुठे, कशावरून काढले हा प्रश्न डोक्यातून निघूनच जातो.

बहुतेक आकडे काढले ते हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने. आपल्यापैकी बरेच जण मुंबईत एस.एन.डी.टी. किंवा निर्मला निकेतनमध्ये शिकले, कुणी पुण्याला, कुणी नागपूरला. हैदराबादेत तारनाक्याला असलेल्या तिच्या आवारात पाऊलही न टाकता निवृत्तीपर्यंत पोहोचलेले पुष्कळ आहेत. तरीही मराठी आहारतज्ज्ञांच्या स्मरणिकेत पहिला मान या संस्थेच्या इतिहासाला द्यावा, असे मला वाटते. एक तर आपले रोजचे हत्यार तिथे घडले. दुसरे असे, की ही संस्था स्वतःचे आकडे स्वतःच खोडत आली आहे, आणि आपल्या व्यवसायात शिकण्यासारखी याहून मोठी गोष्ट मला दिसत नाही.

एका खोलीतली चौकशी

निलगिरीत कुन्नूरला पाश्चर इन्स्टिट्यूट आहे. तिथल्या एका खोलीत १९१८ साली रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी ‘बेरीबेरी चौकशी’ सुरू केली. मॅकॅरिसन इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर. त्याआधी गिलगिटच्या डोंगरी मुलखात त्यांनी गलगंडावर काम केले होते. ‘व्हिटॅमिन’ हा शब्द जन्माला येऊन तेव्हा जेमतेम सहा वर्षे झाली होती. बेरीबेरीने माणसाच्या पायांतले बळ जाते, सूज चढते, हृदय थकते. आंध्रच्या किनारपट्टीवर या रोगाने ठाण मांडले होते.

१९२३ मध्ये इंचकेप समितीच्या काटकसरीत हे काम बंद पडले. दोन वर्षांनी ते ‘न्यूनताजन्य रोगांची चौकशी’ म्हणून पुन्हा उभे राहिले आणि १९२८ मध्ये त्याची ‘न्यूट्रिशन रिसर्च लॅबोरेटरीज’ झाली. संशोधनाचा खर्च आधी कापायचा आणि मग निकड म्हणून तोच पुन्हा मंजूर करायचा, ही सरकारी चाल तेव्हापासूनची आहे.

मॅकॅरिसन यांचा गाजलेला प्रयोग उंदरांचा. हिंदुस्थानातल्या सात समाजांचा आहार त्यांनी पांढऱ्या उंदरांच्या सात गटांना दिला आणि त्यांची वाढ मोजली. शीख आहारावरचे उंदीर सर्वांत धष्टपुष्ट निघाले. त्यांच्यामागे पठाण, तिसरे मराठे, मग गुरखे, कानडी, बंगाली आणि सर्वांत शेवटी मद्रासी. वर्गात हा तिसरा क्रमांक सांगितला की मुलांच्या अंगावर मूठभर मांस चढते. पण प्रयोग चांगला असला तरी गटांना दिलेली नावे तितकी चांगली नव्हती. शिखांच्या ताटात गव्हाची पोळी, दूध, लोणी, डाळ, भाजी होती. मद्रासी म्हणून जो आहार घेतला तो पॉलिश केलेल्या भाताचा, आणि दूध जवळपास नसलेला. तुलना प्रांतांची दिसते. प्रत्यक्षात ती दूध-डाळ परवडणाऱ्या ताटाची आणि न परवडणाऱ्या ताटाची होती. ‘लढाऊ जमाती’ ही साहेबाची लाडकी कल्पना, तीही या क्रमवारीत अलगद जाऊन बसली. अमक्या समाजाचा आहार उत्तम असे सांगणारा लेख आजही हाती आला, तर ताटात नेमके काय होते आणि ते कोणाच्या ताटात होते, हे विद्यार्थ्यांनी आधी विचारावे.

बेरीबेरीचे कोडे तांदळातच सुटले. आंध्रच्या किनाऱ्यावर भात न उकडता गिरणीत घालून पांढरा केला जाई. थायमिन दाण्याच्या वरच्या थरांत असते. पॉलिश करताना ते कोंड्यात जाते, उरलेले धुण्याच्या पाण्यात आणि ओतून टाकलेल्या पेजेत. साळ आधी उकडली की तेच जीवनसत्त्व दाण्याच्या आत मुरते आणि गिरणीलाही दाद देत नाही. आपल्याकडे तळकोकणात आणि गोव्यात उकडा तांदूळ आणि त्याची पेज पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तो रांधणाऱ्या बायकांना थायमिन ठाऊक नव्हते; पण पोटाला काय सोसते आणि सकाळी शेतावर जाताना कशाने दम टिकतो, ते ठाऊक होते.

हेल्थ बुलेटिन क्रमांक २३

१९३५ मध्ये मॅकॅरिसन निवृत्त झाले आणि वॉलेस एक्रॉइड संचालक झाले. आपल्या दृष्टीने संस्थेचा खरा जन्म त्यांच्या काळातला. १९३७ मध्ये ‘हेल्थ बुलेटिन क्रमांक २३’ निघाले. भारतीय अन्नपदार्थांची पोषणमूल्ये आणि त्यांवरून समाधानकारक आहार कसा आखावा, हा त्याचा विषय. विलायती तक्त्यांत नाचणी, शेवग्याचा पाला, कुळीथ कुठून सापडणार? इथले धान्य इथल्या प्रयोगशाळेत दळून, जाळून, मोजून केलेला हा हिशेब होता. पुढे निघालेली सगळी पुस्तके याच बुलेटिनची वंशावळ.

एक्रॉइड प्रयोगशाळेत बसून राहणारे नव्हते. बंगालच्या दुष्काळाची चौकशी करणाऱ्या आयोगावर ते सदस्य होते आणि त्यानंतर संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत पोषण विभागाचे पहिले प्रमुख झाले. त्यांच्या कारकिर्दीच्या शेवटी, १९४४ मध्ये, भारतीयांना रोज काय आणि किती लागते याच्या पहिल्या शिफारशीही तयार झाल्या. आज ज्यांना आपण आरडीए म्हणतो त्यांचा पाया तो.

याच कुन्नूरला कमला सोहोनी, माहेरच्या भागवत, सहायक संचालक म्हणून आल्या. लेखिका दुर्गा भागवत यांच्या या धाकट्या भगिनी. बंगळूरच्या टाटा संस्थेत मुलगी म्हणून सी. व्ही. रामन यांनी आधी प्रवेश नाकारला, तो त्यांनी हट्टाने मिळवला. पुढे केंब्रिजला बटाट्यातल्या सायटोक्रोम-सी या प्रथिनावर काम करून १९३९ मध्ये डॉक्टरेट घेतली. विज्ञानात डॉक्टरेट मिळवणाऱ्या पहिल्या काही भारतीय स्त्रियांपैकी त्या एक. कुन्नूरला त्यांनी जीवनसत्त्वांवर काम केले. १९४७ मध्ये लग्नानंतर मुंबईला येऊन रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्र शिकवताना त्यांनी नीरेवर संशोधन केले, तेही ताडीवाल्यांच्या कुतूहलापोटी नव्हे. कुपोषित आदिवासी मुले आणि गरोदर बायकांना तिचा उपयोग होतो का, हे पाहण्यासाठी. त्यासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आहारशास्त्र शिकणाऱ्या आपल्या मुलींना रामन यांचा नकार माहीत असतो; कुन्नूर आणि नीरा फारशी माहीत नसते. क्रम उलटा असायला हवा होता.

स्वातंत्र्याच्या आसपास संचालकपदी मराठी माणूस आला : डॉ. वि. ना. पटवर्धन. मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वावर काम करून ते आले होते. ‘न्यूट्रिशन इन इंडिया’ हे त्यांचे पुस्तक पुढे बराच काळ या विषयाचा आधारग्रंथ होते. नंतर ते जागतिक आरोग्य संघटनेत गेले आणि अरब देशांतल्या पोषणावर त्यांनी विल्यम डार्बी यांच्यासह ग्रंथ लिहिला. संस्था डोंगरावरून खाली आणण्याचा निर्णय त्यांच्याच काळात अमलात आला.

हैदराबादचे वॉर्ड

कुन्नूरची हवा थंड, प्रयोगशाळा चांगली; पण रुग्ण कुठे? कुपोषण मैदानात आणि संशोधक थंड हवेच्या ठिकाणी, असा तो प्रकार होता. १९५८-५९ मध्ये संस्था हैदराबादला उस्मानिया विद्यापीठाच्या परिसरात, जामे उस्मानियाला, आली. पुढे सुवर्णमहोत्सवाच्या सुमारास, १९६९ मध्ये, ‘राष्ट्रीय पोषण संस्था’ हे नाव मिळाले.

आपला मराठवाडा १९५६ पर्यंत याच हैदराबाद राज्यात होता. त्यामुळे संस्थेने हैदराबादेत आल्यावर जे पहिले मोठे कोडे हाती घेतले ते आपल्याही घरचे होते : ज्वारी. उस्मानिया जनरल हॉस्पिटलमध्ये पेलाग्राचे रुग्ण येत. गळ्याभोवती आणि हातांवर उन्हाने भाजल्यासारखी काळी कातडी, जुलाब, पुढे भ्रम. जगभर हा रोग मका खाणाऱ्यांचा म्हणून ओळखला जाई, कारण मक्यात नायसिन शरीराला मिळत नाही आणि ज्यापासून शरीर ते बनवते ते ट्रिप्टोफॅनही कमी. इथले रुग्ण मात्र मका खात नव्हते. ते ज्वारी खात, आणि ज्वारीत ट्रिप्टोफॅन मक्याइतके कमी नसते. मग रोग का? १९६० च्या सुमारास डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी सांगितले की ज्वारीतले ल्युसिन हे अमिनो आम्ल प्रमाणाबाहेर असते आणि ते नायसिन तयार होण्याच्या वाटेत आडवे येते. पुढे यावर बराच वाद झाला आणि ‘ब-६’ जीवनसत्त्वाचा भागही त्यात निघाला. वाद मिटला की नाही यापेक्षा वॉर्डातला रुग्ण, त्याच्या घरचे धान्य आणि प्रयोगशाळेतली नळी या तिन्ही गोष्टी एका प्रश्नात बांधल्या गेल्या, हे मला महत्त्वाचे वाटते. ज्वारीची बदनामी मात्र कोणी करू नये. भाकरीबरोबर डाळ, भाजी, थोडे ताक असेल तर पेलाग्रा होत नाही. नुसती भाकर आणि मिरची खाऊन दिवस काढावा लागला तर होतो.

गोपालन यांचा जन्म १९१८ चा, म्हणजे संस्थेचा आणि त्यांचा जन्म एकाच वर्षीचा. १९६० च्या दशकात आणि पुढे काही वर्षे त्यांनी संस्था चालवली, मग भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे महासंचालक झाले आणि २०१९ मध्ये वयाची शंभरी ओलांडून गेले. त्यांच्या काळात नीलोफर रुग्णालयातल्या मुलांच्या वॉर्डात संस्थेचे डॉक्टर बसू लागले. अ जीवनसत्त्वाअभावी डोळे जाणारी मुले तिथे येत. मोठा डोस एकदम दिला तर यकृत तो साठवून ठेवते आणि महिनोन्‌महिने पुरवते, हे खेड्यांतल्या मुलांवर तपासून पाहिले गेले. त्यातून १९७० चा राष्ट्रीय कार्यक्रम निघाला. अंगणवाडीत दर सहा महिन्यांनी चमच्याने पाजतात तो दोन लाख युनिटांचा डोस तिथला.

नीलोफरसारख्या वॉर्डात सुकलेले मूल बरे झाले तरी घरी गेल्यावर काय खाणार, हा प्रश्न उरतो. त्यावर संस्थेने जे दिले ते ‘हैदराबाद मिक्स’. भाजलेले गहू ४० ग्रॅम, भाजलेली हरभऱ्याची डाळ १६ ग्रॅम, शेंगदाणे १० ग्रॅम, गूळ २० ग्रॅम. एकूण ८६ ग्रॅमच्या या पिठात सुमारे ३३० कॅलरी आणि ११ ग्रॅमच्या वर प्रथिने. आयात पावडर नाही, डबा नाही, ब्रँड नाही. आई जात्यावर किंवा मिक्सरमध्ये दळून ठेवू शकते आणि कोमट पाण्यात कालवून मुलाला भरवू शकते. उन्हाळी सुटीत आपल्याकडे करतात ते मेतकूट किंवा सातूचे पीठ याच घराण्यातले. फरक एवढाच, की इथे प्रत्येक चिमटीचे वजन आणि कारण लिहून ठेवलेले आहे. आहारशास्त्राच्या नव्या विद्यार्थ्याला ‘उपयोजित पोषण’ म्हणजे काय ते समजावून सांगायचे असेल तर व्याख्या देत बसू नये, हे पीठ करायला लावावे.

प्रथिने की पोट

१९६० च्या दशकात सगळ्या जगाने एकच धोशा लावला होता : गरीब देशांतल्या मुलांना प्रथिने कमी पडतात. माशांच्या पिठापासून ते कारखान्यातल्या प्रथिन-बिस्किटांपर्यंत योजना निघाल्या. हैदराबादच्या संशोधकांनी मुलांच्या ताटातले अन्न प्रत्यक्ष मोजले आणि सांगितले की भात किंवा भाकरी, डाळीसह, मूल पोटभर खात असेल तर प्रथिनांची गरज बहुधा भागते. कमी आहे ते अन्नच; पोट भरत नाही म्हणून आत गेलेली प्रथिनेही इंधन म्हणून जळून जातात. याच निष्कर्षाला आकडेशास्त्राच्या वाटेने पोहोचले ते सातारा जिल्ह्यातल्या बुधचे डॉ. पां. वा. सुखात्मे. अन्न व कृषी संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे ते संचालक होते, नंतर पुण्यात स्थायिक झाले. पण पुढे ‘कमी खाऊनही शरीर जुळवून घेते’ असा विचार सुखात्मे मांडू लागले, आणि ‘लहानखुरे पण निरोगी’ या मताविरुद्ध गोपालन तलवार उपसून उभे राहिले. खुरटलेले मूल जगते म्हणून ते निरोगी आहे असे म्हणायचे का, असा त्यांचा सवाल होता. दोघेही मोठे. माझे मत विचाराल तर वॉर्डात उभा राहणारा माणूस या वादात गोपालन यांच्या बाजूला असतो.

हा वाद पुस्तकात राहिला नाही. पुण्याच्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दारिद्र्याचा हिशेब मांडला तो २,२५० कॅलरींच्या आधारे. १९७९ च्या सरकारी कार्यदलाने खेड्यात २,४०० आणि शहरात २,१०० कॅलरी धरून दारिद्र्यरेषा आखली. आहारतज्ज्ञाच्या वहीतला आकडा अर्थसंकल्पात जाऊन बसला आणि देशात गरीब किती, ते त्यावर ठरू लागले. आरडीए पाठ करताना विद्यार्थ्यांना ही गोष्ट सांगितली की त्यांची मान पहिल्यांदा वर होते.

शिकवणे

संस्थेने संशोधनाबरोबर शिकवण्याचे कामही केले. डॉक्टर आणि आरोग्य अधिकाऱ्यांसाठी काही आठवड्यांचा पदव्युत्तर प्रमाणपत्र अभ्यासक्रम दीर्घकाळ चालला. एम.एस्सी. (अप्लाइड न्यूट्रिशन) पूर्वी वर्षाच्या आत संपत असे, आता तो दोन वर्षांचा आहे. क्रीडा-पोषणाचा वेगळा एम.एस्सी.ही सुरू झाला. प्रवेश संस्थेच्या स्वतःच्या सामाईक परीक्षेतून होतो, जागा थोड्या असतात, आणि आपल्याकडच्या गृहविज्ञान किंवा अन्नशास्त्राच्या पदवीधरांनी ती परीक्षा जरूर द्यावी.

तिथले वळण कसे असते ते एका साध्या कामावरून कळते : चोवीस तासांचा आहार-आठव. पाहणीला गेलेला विद्यार्थी घरात मोजमापाच्या प्रमाणित वाट्या-पळ्यांचा संच घेऊन बसतो आणि काल सकाळपासून कोणी काय खाल्ले ते विचारतो. ‘आमटी भात खाल्ला’ एवढ्याने भागत नाही. समजा, घरात २५० ग्रॅम तूरडाळ शिजली आणि तिची दोन लिटर आमटी झाली. बाईंनी २०० मिलिलिटरची एक वाटी घेतली. म्हणजे त्यांच्या पोटात कच्ची डाळ गेली २५ ग्रॅम, आणि प्रथिने साडेपाच ग्रॅमच्या आसपास. वाटी पाहून वाटते बाईंनी डाळ खाल्ली. हिशेब सांगतो पाणी जास्त खाल्ले. मग घरातली माणसे युनिटांत बदलायची. बैठे काम करणारा प्रौढ पुरुष एक, तशीच स्त्री ०.८, एक ते तीन वर्षांचे मूल ०.४. अशा शेकडो घरांची गोळाबेरीज १९७२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय पोषण संनियंत्रण विभागाने केली. त्याचे मुख्यालय याच संस्थेत होते, आणि पाहणीच्या राज्यांत महाराष्ट्रही होता. ताटात प्रत्यक्ष काय पडते हे वर्षानुवर्षे त्याच पद्धतीने मोजणारी दुसरी यंत्रणा आपल्याकडे नव्हती. २०१५ मध्ये ती बंद झाली. इंचकेप साहेबांचा आत्मा शांत झाला असेल.

हे वळण हॉस्पिटलात नोकरी करणाऱ्याला कशाला, असे विचारणारे विद्यार्थी भेटतात. त्यांना मी उलट विचारते : रुग्णाने ‘मी फार कमी खातो’ म्हटले तर तुम्ही काय लिहिणार? घरी तेलाची पिशवी किती दिवस पुरते, माणसे किती, उपवास कोणते, चहा किती वेळा आणि साखर किती चमचे, हे ज्याला विचारता येत नाही त्याचा डाएट प्लॅन संगणकाने छापला तरी चालेल. आपल्या क्षेत्रात पदव्युत्तर पदविका किंवा एम.एस्सी., मग रुग्णालयातली सहा महिन्यांची इंटर्नशिप, मग इंडियन डायटेटिक असोसिएशनची ‘नोंदणीकृत आहारतज्ज्ञ’ परीक्षा, अशी वाट रूढ आहे. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यावसायिकांच्या कायद्याने आहारतज्ज्ञांना प्रथमच कायद्याच्या चौकटीत नाव मिळाले. तरी अजून अनेक ठिकाणी जागा ‘डाएटिशियन’ची आणि काम ट्रे मोजण्याचे, अशी स्थिती आहे, आणि बाहेर सहा आठवड्यांचे ऑनलाइन प्रमाणपत्र भिंतीवर लावून पोटावरची चरबी उतरवणाऱ्यांची दुकाने जोरात आहेत. त्यांच्यात आणि आपल्यात फरक कोणता, असे कोणी विचारले तर उत्तर त्या २५ ग्रॅम डाळीत आहे.

खोडलेले आकडे

आता मूळ मुद्दा. १९३७ च्या बुलेटिनच्या पुढच्या आवृत्त्या निघत गेल्या. १९७१ मध्ये गोपालन, रामशास्त्री आणि बालसुब्रमण्यन यांचे ‘न्यूट्रिटिव्ह व्हॅल्यू ऑफ इंडियन फूड्स’ आले, आणि १९८९ मध्ये नरसिंगराव, देवस्थळे आणि पंत यांनी ते सुधारले. आपल्या पिढीचे पिवळट पुस्तक ते हेच. त्यात पालक आणि माठाच्या लोहासमोर चांदणी आहे. जुन्या तक्त्यात शंभर ग्रॅम कोवळ्या माठात २५ मिलिग्रॅमवर लोह होते आणि पालकात जवळपास ११. नव्या तपासणीत ते अनुक्रमे ३.४९ आणि १.१४ झाले. म्हणजे कित्येक वर्षे देशभरच्या पंडुरोगी गरोदर बायकांना आपण ज्या विश्वासाने पालक खायला सांगत होतो तो आकड्याच्या चुकीवर उभा होता. संस्थेने तो आकडा झाकला नाही, छापून खोडला. पालक वाईट झाला नाही. लोहासाठी नुसत्या पालकावर विसंबणे वाईट ठरले. गंमत म्हणजे आजही यूट्यूबवर जुनाच पालक विकला जातो.

शिफारशींचेही तसेच. प्रौढ स्त्रीला रोज लोह किती? १९८९ च्या यादीत ३० मिलिग्रॅम, २०१० मध्ये २१, २०२० मध्ये २९. कॅल्शियम ४०० वरून ६००, तिथून १,०००. पुरुषाचे प्रमाणित वजन ६० वरून ६५ किलो झाले, तरी प्रथिने ६० वरून ५४ ग्रॅमवर आली. हे पाहून विद्यार्थी वैतागतात. ‘मॅडम, बरोबर कोणते?’ उत्तर असे, की लोह शोषले किती जाते याचा अंदाज बदलला, वजनाचे नवे मोजमाप आले, हिशेबाची पद्धत बदलली. आकडा त्यांच्यामागे गेला. २०२० मध्ये ‘सरासरी गरज’ हा वेगळा रकाना आला, तो तर नीट समजून घेतलाच पाहिजे. एका रुग्णासाठी आरडीए, लोकसमूहाचे मोजमाप करताना सरासरी गरज. दोन्हींची सरमिसळ केली तर निम्मा गाव कुपोषित ठरवता येतो.

२०१७ मध्ये संस्थेने ‘इंडियन फूड कंपोझिशन टेबल्स’ काढले. देशाच्या सहा विभागांतून नमुने गोळा करून ५२८ पदार्थ नव्याने तपासले. नाचणीचे कॅल्शियम जुन्या पुस्तकात ३४४ मिलिग्रॅम होते, इथे ३६४. या पुस्तकात ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिली आहे. ४.१८४ ने भागायला विसरलेल्या नव्या मुलीने रुग्णाच्या ताटात एका वाटी भातातून शेकड्यांनी कॅलरी ओतलेल्या मी पाहिल्या आहेत. डाएट शीटवर तक्त्याचे वर्ष लिहावे असा माझा आग्रह असतो. काही वॉर्डांत तो आता मानला जातो.

आहार कसा असावा याची मार्गदर्शक सूत्रे संस्थेने १९९८ मध्ये काढली, २०११ आणि २०२४ मध्ये ती सुधारली. ती मराठीतून अंगणवाडीसेविकांपर्यंत पोहोचवणे हे आपले काम आहे, हैदराबादचे नव्हे.

शेवटी एक विनंती. आपल्यापैकी ज्येष्ठांच्या कपाटात ‘हेल्थ बुलेटिन २३’ची, १९७१ च्या पुस्तकाची, पटवर्धनांच्या ग्रंथाची एखादी प्रत पडून असेल. नवा तक्ता आला म्हणून ती रद्दीत घालू नका. ती आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला द्या आणि कव्हरच्या आत आवृत्तीचे वर्ष मोठ्या अक्षरांत लिहा. कोणता आकडा कधी बदलला, हे पुढच्या बॅचला दाखवायला तीच प्रत लागते.